कॉर्डलेस ड्रिलची बॅटरी: साठा नंतर, करंट आधी

माझ्या जुन्या १२ व्होल्टच्या ड्रिलची बॅटरी चार्ज धरेनाशी झाली. चार्जरचा हिरवा दिवा लागायचा, पण दोन स्क्रू पिळले की मशीन मंदावायचं आणि तिसऱ्याला जागच्या जागी थांबायचं. पॅकचे स्क्रू काढून झाकण उचललं, तर आत दहा बुटके, जाड सेल पत्र्याच्या पट्ट्यांनी एकामागे एक जोडलेले. एकाच्या टोकाशी मिठासारखी पांढरी भुकटी साचलेली. मल्टिमीटर लावून एकेक सेल मोजला. नऊ सेल १.२५ व्होल्टच्या आसपास, आणि तो भुकटीवाला शून्य.

तो एक सेल बदलला. ड्रिल पुन्हा जोरात फिरायला लागलं आणि दोन महिन्यांत पॅक परत बसला. या वेळी दुसरेच दोन सेल गेले होते. एक नवा सेल नऊ जुन्यांच्या पंगतीत बसवला की असंच होतं, हे तेव्हा माहीत नव्हतं. बॅटरी म्हणजे नुसती टाकी नव्हे. सेल, चार्जर आणि मशीन तिघं एकमेकांना धरून चालतात. एकाला बदललं की उरलेल्या दोघांचा विचार करावाच लागतो. आणि टूलच्या बॅटरीत सगळ्यात आधी बघायची गोष्ट म्हणजे ती एका दमात किती करंट देऊ शकते. किती साठा आहे, हा प्रश्न त्यानंतरचा.

पॅकवर छापलेले आकडे

व्होल्ट म्हणजे दाब आणि अँपिअर-तास म्हणजे साठा, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. दोन्हींचा गुणाकार केला की वॅट-तास मिळतात. वेगवेगळ्या व्होल्टेजचे पॅक शेजारी ठेवून तुलना करायची असेल तर हाच आकडा धरायचा. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-तासांच्या पॅकमध्ये ९० वॅट-तास असतात. १०.८ व्होल्टच्या पॅकवर ६ अँपिअर-तास लिहिलेले असले तरी त्यात भरतात ६५ वॅट-तासांहून थोडे कमीच. सहाचा आकडा मोठा दिसतो, साठा मात्र लहान आहे. विमानात हातसामानात सुट्या लिथियम बॅटऱ्या नेताना १०० वॅट-तासांची जी मर्यादा असते तीही याच आकड्यावर. त्यापुढे विमान कंपनीची परवानगी लागते, आणि सुटी बॅटरी चेक-इनच्या बॅगेत टाकायची नसते.

एका पॅकवर १८ व्होल्ट आणि दुसऱ्यावर २० व्होल्ट मॅक्स लिहिलेलं पाहून दुसरं मशीन जास्त ताकदीचं वाटतं. आत दोन्हींमध्ये पाचच लिथियम-आयन सेल एकापुढे एक असतात. या सेलचं सरासरी व्होल्टेज ३.६, म्हणून पाचांचं १८. पूर्ण भरल्यावर प्रत्येक सेल ४.२ वर जातो, म्हणजे पॅक २१ वर. तिथून गोल करून २० छापलेलं असतं. काम सुरू केल्याबरोबर तो आकडा खाली येतो. १०.८ आणि १२ व्होल्ट मॅक्स यांचंही तसंच, तीन सेल.

याच पाच सेलच्या ओळीला शेजारी समांतर दुसरी ओळ जोडली की पॅक जाड होतो. या कामातली माणसं त्याला ५एस१पी आणि ५एस२पी म्हणतात: एस म्हणजे एकापुढे एक, पी म्हणजे शेजारी शेजारी. एकापुढे एक जोडले की व्होल्टेज वाढतं, शेजारी जोडले की साठा वाढतो. पण शेजारी जोडल्याचा मोठा फायदा साठ्याचा नाहीच.

जे पॅकवर लिहिलेलं नसतं

प्रत्येक सेलच्या आत थोडा रोध असतो. चांगल्या सेलमध्ये तो २० मिलिओहमच्या (मिलिओहम म्हणजे ओहमचा हजारावा भाग) आसपास धरू. घड्याळात किंवा टॉर्चमध्ये याने काही बिघडत नाही. पण जाड लाकडात रुंद भोक पाडताना ड्रिल सहज २० अँपिअर ओढतं. २० अँपिअर गुणिले २० मिलिओहम म्हणजे प्रत्येक सेलमागे ०.४ व्होल्ट आतल्या आत गायब. पाच सेलचे २ व्होल्ट गेले, मोटरपर्यंत १८ ऐवजी १६ पोचले.

ते २ व्होल्ट जातात कुठे? उष्णतेत. प्रत्येक सेलमध्ये ८ वॅट, पाचांचे मिळून ४० वॅट. २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न हातात धरली असेल त्याला या आकड्याचा अर्थ लगेच कळेल: तिच्या दीडपटीहून जास्त उष्णता त्या बंद प्लॅस्टिकच्या डबीत तयार होते आहे.

आता शेजारी दुसरी ओळ जोडा. तेच २० अँपिअर दोन ओळींत वाटले गेले, प्रत्येक सेलच्या वाट्याला १० आले. घट निम्मी झाली, एकच व्होल्ट. उष्णता प्रत्येक सेलमध्ये २ वॅट, दहा सेलची मिळून २०. म्हणजे जाड पॅक लावल्यावर तेच ड्रिल जास्त जोरात चालतं असं जे हाताला जाणवतं तो भास नव्हे. ग्राइंडर, गोल करवत, रोटरी हॅमर अशा जास्त करंट ओढणाऱ्या मशीनना पातळ पॅक लावूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. मशीन चालेल, पण पॅक आतून भाजून निघेल. उलट, डोक्यावर हात धरून छताला स्क्रू मारायचे असतील तर पातळ पॅकच बरा. तिथे करंट कमी लागतो आणि मनगटावर वजन येत नाही.

सेल बदलायला निघालेली माणसं इथेच फसतात. १८६५० हा सेल सर्वांच्या ओळखीचा, १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी. त्यातले काही सेल साठ्यासाठी बनवलेले असतात: ३४०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास क्षमता, पण सलग करंट ५ ते ७ अँपिअरच. हे लॅपटॉपसाठी, टॉर्चसाठी. दुसरे जोरासाठी बनवलेले. सॅमसंगचा २५आर २५०० मिलिअँपिअर-तासांचा आहे, पण सलग २० अँपिअर देतो. मोलिसेलचा पी२८ए २८०० चा, ३५ अँपिअरपर्यंत. टूलच्या पॅकमध्ये साठ्याचा सेल घातला तर कागदावर क्षमता वाढते, आणि हातात मात्र उलटंच होतं. ट्रिगर दाबला की व्होल्टेज इतकं कोसळतं की मशीनला बॅटरी संपली असं वाटतं आणि ते बंद पडतं, आत निम्मा साठा तसाच असताना. आणि सेल तापतो तो वेगळाच.

नव्या पॅकमध्ये अलीकडे २१७०० सेल दिसतात, २१ मिलिमीटर व्यास आणि ७० मिलिमीटर लांबी. आकाराने थोडेच मोठे, पण मोलिसेलच्या पी४२ए सारखा सेल ४२०० मिलिअँपिअर-तास साठवून ४५ अँपिअर देतो. नवा पॅक विकत घ्यायचा असेल आणि दोन्ही पर्याय समोर असतील तर मी डोळे मिटून २१७०० चा घेईन. जुन्या डबीत मात्र ते बसत नाहीत.

जुनी रसायनं अजून घराघरांत आहेत

पहिलं कॉर्डलेस ड्रिल १९६१ मध्ये ब्लॅक अँड डेकरने आणलं ते निकेल-कॅडमियम सेलवर. हा सेल त्याहून खूप जुना. स्वीडनच्या वाल्डेमार युंगनरने तो १८९९ मध्ये तयार केला. एका सेलला १.२ व्होल्ट. माझ्या पॅकमधले दहा बुटके सेल तेच, सब-सी मापाचे. सोनीने लिथियम-आयन सेल १९९१ मध्ये बाजारात आणला तरी टूलमध्ये तो रुळायला २००५ उजाडलं, कारण इतका करंट देणारे लिथियम सेल आधी नव्हतेच.

निकेल-कॅडमियमला नावं ठेवणं सोपं आहे. जड आहे, आपोआप उतरतो, कॅडमियम विषारी आहे. युरोपीय संघाने घरगुती बॅटऱ्यांमधून कॅडमियम काढून टाकलं तेव्हा कॉर्डलेस टूलना सवलत दिली होती, ती २०१६ अखेर संपली. पण हा सेल काटक आहे. त्याचा आतला रोध फारच कमी, काही मिलिओहम. थंडीत चालतो, आदळआपट सोसतो, पूर्ण उतरवून वर्षभर पडून राहिला तरी पुष्कळदा परत उठतो. लिथियमला यातलं शेवटचं मुळीच जमत नाही.

त्याच्या ‘स्मृती’ची चर्चा फार होते. अर्धवट वापरून चार्ज केला की तो तेवढंच लक्षात ठेवतो, असं म्हणतात. असा परिणाम आहे, पण तो दिसायला दर वेळी अगदी त्याच टप्प्यापर्यंत उतरवून परत भरावं लागतं, आणि घरगुती वापरात तसं क्वचितच घडतं. घरातले बहुतेक पॅक मरतात ते साध्या चार्जरवर रात्र रात्र लावून ठेवल्याने. भरलेल्या सेलमध्ये करंट ढकलत राहिलं की त्याची उष्णता होते, सेल आतून सुकतो.

दुसरं मरणाचं कारण म्हणजे ड्रिल पूर्ण थांबेपर्यंत पिळत राहणं. एकापुढे एक जोडलेल्या सेलमधून करंट सारखाच जातो. सगळ्यात कमकुवत सेल आधी रिकामा होतो. बाकीचे अजून जोरात असतात आणि ते त्या रिकाम्या सेलमधून करंट ढकलतच राहतात. त्याचे धन-ऋण उलटे होतात, आत वायू साचतो, झडप उघडते आणि आतला क्षार बाहेर येऊन वाळतो. तीच ती पांढरी भुकटी. माझ्या पॅकमध्ये नवा, दमदार सेल घातल्यावर ड्रिल आधीपेक्षा जास्त वेळ चालायला लागलं, आणि तेवढ्याच जोमाने जुने दोन दुबळे सेल उलटे होत गेले. म्हणून सेल बदलायचे तर सगळे, एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे आणि शक्यतो एकाच खरेदीतले.

निकेल-मेटल हायड्राइड हा याच मापाचा धाकटा भाऊ. व्होल्टेज तेच १.२, साठा दीड-दोनपट. जुन्या पॅकमध्ये तो घालणं हा सगळ्यात सोपा बदल. फक्त चार्जरकडे बघायचं. जलद चार्जर सेल भरल्याची खूण म्हणून व्होल्टेजमध्ये येणारी छोटी घसरण शोधतो. निकेल-कॅडमियममध्ये ती ठळक असते, हायड्राइडमध्ये फारच पुसट. जुन्या चार्जरला ती दिसलीच नाही तर तो भरत राहतो. पॅकच्या आत उष्णता मोजणारा थर्मिस्टर असेल तर तो वाचवतो. नसेल तर पॅक हाताला कोमट लागला की काढायचा, ही सवय लावावी लागते.

तिनाला एक

आता मुख्य बदलाकडे. जुनं मशीन उत्तम आहे, गिअर घट्ट आहेत, पॅक तेवढा मेला आहे आणि नवा मिळत नाही. त्यात लिथियम घालता येईल का?

येईल. त्यामागे एक सुंदर योगायोग आहे. निकेलचे तीन सेल म्हणजे ३.६ व्होल्ट, लिथियम-आयनचा एक सेल म्हणजेही ३.६. नुकताच भरलेला निकेल सेल १.४ ला असतो, तिघांचे ४.२, लिथियमचा पूर्ण भरलेला सेल तेवढाच. निकेल १.० वर थांबवायचा, तिघांचे ३.०, लिथियमलाही तिथेच थांबवलेलं बरं. वरपासून खालपर्यंत तिनाला एक हे गणित जुळतं. म्हणून १८ व्होल्टच्या पंधरा सेलच्या जागी पाच लिथियम, १४.४ च्या बारा सेलच्या जागी चार. मशीनला फरकही कळत नाही.

अडचण १२ व्होल्टची. दहाला तिनाने भाग जात नाही. तीन लिथियम सेल घातले तर नऊ निकेल सेलइतकं व्होल्टेज मिळतं, ड्रिल थोडं हळू फिरतं. चार घातले तर बारा सेलइतकं, भरल्यावर १६.८ व्होल्ट. पुष्कळ जण चार घालतात आणि ड्रिलला आलेला जोर पाहून हरखतात. तो जोर मोटरच्या ब्रशमधून आणि ट्रिगरच्या स्विचमधून वसूल होत असतो. ते मशीन त्या करंटसाठी बनलेलं नाही. मी तीनच घालतो आणि थोडा कमी वेग मान्य करतो.

डबीत जागा असेल तर तिसरी वाट आहे, लिथियम आयर्न फॉस्फेट. हा सेल ३.२ व्होल्टचा. चार मिळून १२.८, म्हणजे १२ व्होल्टच्या मशीनला जवळजवळ मापून शिवल्यासारखा. तो भडकायलाही बराच कठीण. २००६ मध्ये डिवॉल्टच्या ३६ व्होल्टच्या टूलमध्ये याच रसायनाचे सेल होते. साठा मात्र त्याच आकारात कमी, आणि त्याला भरायचं ३.६५ पर्यंतच. ४.२ चा साधा लिथियम चार्जर त्याला चालत नाही.

संरक्षणाची पट्टी आणि चार्जर

निकेलच्या पॅकमध्ये बहुधा सेल आणि थर्मिस्टर एवढंच असतं. लिथियमला राखणदार लागतो. ४.२ च्या वर ढकललं तर सेल अस्थिर होतो, फार पुढे गेलं तर पेटतो. २.५ च्या खाली फार उतरला तर आतल्या ऋण बाजूचं तांबं विरघळायला लागतं. नंतर चार्ज करताना तेच तांबं नको तिथे साचून सेल आतून शॉर्ट होऊ शकतो. म्हणून महिनोन्महिने शून्याजवळ पडलेला लिथियम सेल कोणी युक्तीने ‘जिवंत’ करून दाखवला तरी तो टूलमध्ये घालू नये. तो व्होल्टेज दाखवेल. आत काय झालंय ते दाखवणार नाही.

राखणदार म्हणजे बीएमएस, बोटाएवढी सर्किटची पट्टी. ती प्रत्येक सेलवर लक्ष ठेवते आणि मर्यादा ओलांडली की करंट तोडते. पाच सेल असतील तर पाच सेलचीच पट्टी हवी. प्रत्येक जोडातून तिला एक बारीक तार जाते, आणि त्या तारा ऋण टोकापासून क्रमाने जोडायच्या असतात. क्रम चुकला तर पट्टी तिथेच जळते. ‘बॅलन्स’ करणारी, म्हणजे सगळे सेल एका पातळीवर आणणारी पट्टी घ्यावी, पण तिच्याकडून फार अपेक्षा नको. स्वस्त पट्ट्या भरलेल्या सेलमधून जेमतेम काही दहा मिलिअँपिअर बाजूला वळवतात. सुरुवातीलाच सगळे सेल समान व्होल्टेजला आणून मग जोडले तर तिचं काम हलकं राहतं.

बदल केल्यावर हमखास येणारी तक्रार: ट्रिगर दाबला की एक गचका बसतो आणि ड्रिल बंद. सेल चांगले, जोडणी चांगली, मग काय? थांबलेली मोटर ही विजेच्या दृष्टीने जवळजवळ नुसती तांब्याची तार असते. फिरायला लागल्यावर ती उलटा दाब तयार करते आणि करंट आटोक्यात येतो, पण पहिल्या क्षणी तो कित्येक पटींनी जास्त असतो. पट्टीला वाटतं शॉर्ट झालं. उपाय म्हणजे जास्त क्षणिक करंट सोसणारी, टूलसाठीच बनवलेली पट्टी. पट्टी काढून टाकून सेल थेट जोडणं हा उपाय नव्हे. तसं करून दाखवणारे पुष्कळ आहेत, म्हणून हे सांगावंसं वाटतं.

चार्जर बदलावाच लागतो, इथे तडजोड नाही. निकेलचा चार्जर व्होल्टेजच्या घसरणीची किंवा ठरावीक वेळेची वाट बघतो. लिथियममध्ये ती घसरण येतच नाही. लिथियमचा चार्जर आधी ठरावीक करंटने भरतो, ४.२ व्होल्टला पोचल्यावर दाब तेवढाच धरून करंट कमी करत नेतो आणि शेवटी थांबतो. तीन सेलना १२.६, चारांना १६.८, पाचांना २१ व्होल्टचा असा चार्जर हवा. बीएमएस आहे ना, मग जुना चार्जर चालेल, असा विचार करू नका. ती पट्टी शेवटचा अडसर आहे, रोजचा पहारेकरी नव्हे. ती निकामी झाली तर मागे कोणीच नाही. मी पॅक बदलला की जुन्या चार्जरला लागणारं चार्जिंगचं टोक काढूनच टाकतो आणि नव्यासाठी वेगळं सॉकेट बसवतो. घरातलं दुसरं कोणी सवयीने जुन्या चार्जरवर पॅक ठेवलाच, तरी काही होत नाही.

सेल हातात घेतल्यावर

१८६५० सेल हातात घेऊन त्याचं धन टोक नीट बघा. मधे उंचवटा, त्याभोवती बारीक खाच, आणि खाचेबाहेरची कड. बहुतेकांना वाटतं हे सगळं टोक धन असेल. तसं नाही. सेलची अख्खी धातूची डबी ऋण असते, धन टोकाभोवतीच्या त्या कडेपर्यंत. धन आणि ऋण यांच्यात मिलिमीटरभर अंतर, आणि ते झाकायला प्लॅस्टिकचं पातळ वेष्टन. वरून जाणारी पट्टी कडेवर दाबली गेली आणि वेष्टन घासून फाटलं की थेट शॉर्ट. म्हणून पट्टी जोडायच्या आधी प्रत्येक धन टोकावर कागदी इन्सुलेशनचं चिकट कडं लावायचं. किरकोळ वाटणारी ही वस्तू वगळू नका. टूल थरथरतं, आणि थरथर महिनोन्महिने घासत राहते.

पट्ट्या स्पॉट वेल्डिंगने जोडतात, कारण त्यात उष्णता क्षणभर आणि ठिपक्याएवढ्या जागी लागते. सोल्डरिंग आयर्न ३५० अंशांना असते, आणि सेलच्या आतला प्लॅस्टिकचा पडदा १३० अंशांच्या आसपास वितळायला लागतो. आयर्न काही सेकंद जास्त टेकली तर बाहेरून काहीच दिसत नाही, आत मात्र त्या जागी पडदा सैल झालेला असतो. वेल्डर नसेल तर आधीच पट्ट्या लावलेले सेल घ्या आणि सोल्डर त्या पट्टीच्या टोकावर करा, सेलवर नाही.

पट्टी शुद्ध निकेलची हवी. निकेलचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी दिसायला हुबेहूब तशीच, पण रोध जास्त, म्हणजे तिथे उष्णता जास्त. ओळखायचं कसं? तुकड्यावर ओरखडा काढून रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवा. सकाळी ओरखड्यावर तांबूस गंज दिसला तर लोखंड. शुद्ध निकेलचाही रोध तांब्याच्या सुमारे चौपट असतो. ८ मिलिमीटर रुंद आणि ०.१५ मिलिमीटर जाड पट्टी ५ ते ७ अँपिअरला आरामात राहते. ड्रिलच्या २० ला एकावर एक थर लावावे लागतात. बाहेर जाणारी तार निदान अडीच चौरस मिलिमीटरची असावी.

नकली सेल ओळखायला तराजू पुरतो. वेष्टनावर ९९०० मिलिअँपिअर-तास छापलेला १८६५० खोटाच असतो, त्या आकारात तेवढा साठा मावत नाही. टूलच्या कामाच्या चांगल्या १८६५० चं वजन ४५ ते ४८ ग्रॅमच्या आसपास भरतं. ३० ग्रॅमचा सेल हातात आला तर आकडा वाचायचीही गरज नाही. अवघड असतात ते वापरून काढलेले, नवं वेष्टन चढवलेले सेल. टोकांवर जुन्या वेल्डिंगचे ठिपके किंवा घासल्याच्या खुणा दिसतात का ते भिंगाखाली बघा.

लिथियमचाच पॅक असेल तर

मूळचा लिथियम पॅक उघडून त्यात नवे सेल घालणं वरवर सोपं दिसतं, पण इथे मी सावध करीन. काही पॅकमध्ये कमी व्होल्टेजला तोडणारी यंत्रणा पॅकमध्ये असते, काहींमध्ये ती मशीनमध्ये असते आणि पॅक फक्त सेलची खबर बारीक टोकांमधून कळवतो. दुसऱ्या प्रकारचा पॅक अडॅप्टर लावून भलत्याच कंपनीच्या मशीनवर चढवला, तर ती खबर कोणापर्यंतच पोचत नाही. मशीन पॅकला शून्यापर्यंत पिळतं. अडॅप्टर वापरायचाच असेल तर कमी व्होल्टेजला तोडणारी सोय त्याच्यात आहे का हे आधी विचारा, आणि नसेल तर मशीन मंदावताक्षणी पॅक काढा.

काही पॅकमधली चिप सेल काढल्याबरोबर किंवा काही वेळा बिघाड नोंदवल्यावर स्वतःला कायमचं कुलूप लावून घेते. मग सेल नवेकोरे असूनही चार्जर लाल दिवाच दाखवतो. उघडायच्या आधी प्रत्येक सेलगटाचं, म्हणजे शेजारी शेजारी जोडलेल्या सेलचं, व्होल्टेज मोजा. एकच गट थोडा मागे पडला असेल आणि तो ३ व्होल्टच्या वर असेल, तर तेवढाच गट हळूहळू, अर्ध्या अँपिअरने, लिथियमच्या एका सेलच्या चार्जरने इतरांच्या बरोबरीला आणून बघता येतो. पुष्कळ ‘मेलेले’ पॅक एवढ्यानेच परत चालतात. काही आठवड्यांत तोच गट पुन्हा मागे पडला तर मात्र तो सेल आतून गळतो आहे, आणि पॅकच बदलायला हवा. फुगलेला, गोडसर वास येणारा किंवा चेपलेला सेल असेल तर मोजत बसू नका. तो उघड्यावर, न पेटणाऱ्या जागी ठेवा आणि टोकांना टेप लावून बॅटऱ्या गोळा करणाऱ्या केंद्रावर द्या.

एक गोष्ट थंड हवेच्या ठिकाणी काम करणाऱ्यांसाठी. शून्य अंशाखाली लिथियम वापरता येतो, जोर कमी मिळतो इतकंच. पण शून्याखाली तो चार्ज करू नये. त्या थंडीत लिथियम आत शिरण्याऐवजी धातू बनून पृष्ठभागावर साचतो आणि सेल कायमचा बिघडतो. पॅक आत आणून तासभर ठेवा, मग चार्जरला लावा. बरेच दिवस वापरायचा नसेल तर निम्मा भरून थंड जागी ठेवा. पूर्ण भरलेला पॅक उन्हात तापणाऱ्या गाडीत राहिला, की न वापरताच म्हातारा होतो.

नवा पॅक जोडून झाला की मी तो लगेच कामाला लावत नाही. पहिला चार्ज समोर बसून, न पेटणाऱ्या फरशीवर, दर दहा मिनिटांनी हात लावून बघत. भरल्यावर प्रत्येक सेलचं व्होल्टेज कागदावर लिहून तो कागद डबीच्या आत ठेवतो, आणि पॅक दोन आठवडे तसाच पडू देतो. मग परत मोजतो. सगळे सेल एकसारखे थोडेसे उतरले असतील तर झाकणाचे स्क्रू घट्ट करतो. एखादा इतरांपेक्षा ०.०५ व्होल्टने जरी खाली गेला असेल, तर तो सेल परत जातो आणि त्याच खरेदीतला दुसरा त्याच्या जागी बसतो.